मायनसमधली हजामत

उजनीच्या काठावरच्या गावांत धरणाची पातळी दोन ठिकाणी कळते. पाटबंधारे खात्याच्या कचेरीत आणि सलूनमध्ये. कचेरीतला आकडा मोजून काढलेला असतो, त्यामुळे त्यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. सलूनमधला आकडा मात्र गिऱ्हाईकागणिक बदलतो आणि त्याच्यावर दोन दाढ्या नि एक कटिंग आरामात निघते.

बाहेरगावच्या वाचकांना इथलं गणित थोडं समजावून सांगायला हवं. भीमेवरच्या या धरणाचं काम १९६६ साली सुरू झालं आणि १९८० साली पुरं झालं. जलाशयाचं कागदोपत्री नाव यशवंतसागर. त्याच्या पोटात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं ६३-६४ टीएमसी मृतसाठ्यात जमा. म्हणजे ते आहे, डोळ्यांना दिसतं, त्यात मासे पोहतात, पण हिशेबात धरायचं नाही. टक्केवारी सुरू होते ती त्याच्या डोक्यावरच्या साडेत्रेपन्न टीएमसीची. जगात भांडं रिकामं झालं की शून्य म्हणतात. आमच्याकडे निम्म्याहून जास्त भांडं भरलेलं असताना शून्य होतं, आणि मग उन्हाळाभर धरण 'मायनसमध्ये' जातं. २०२४ च्या जूनमध्ये ते वजा साठाच्या आसपास जाऊन टेकलं होतं. शाळेत ऋण संख्या ज्यांच्या डोक्यावरून गेल्या, अशी माणसंसुद्धा इथे वजा अठ्ठेचाळीसमधून वजा एक्कावन्न कसं झालं ते खुर्चीत मान मागे टाकून सांगतात.

हा हिशेब ज्याला कळला त्याला वस्तरा समजायला वेळ लागत नाही. खऱ्या वस्तऱ्याला जाड पाठ असते, दोन्ही अंगांनी खोलगट घासलेलं पोट असतं, मूठ असते, आणि या सगळ्याच्या टोकाला केसापेक्षा कितीतरी पटींनी बारीक अशी कडा असते. काम करते ती तेवढी कडा. बाकीचं सगळं पोलाद मृतसाठा.

असा एकसंध पोलादाचा, मुठीत मिटणारा वस्तरा आता जेऊर, केम, कंदर, केत्तूर, कुठेही गेलात तरी शोधावा लागतो. सलूनमध्ये कारागिराच्या हातात जे असतं तो वस्तऱ्याचा सांगाडा. त्यात ब्लेडचं अर्धं पान सरकवायचं नि काम झालं की फेकायचं. ब्लेड कागदासकट दुमडून कट्‌कन मोडण्याचा तो आवाज म्हणजे आमच्याकडचा मंगलध्वनी. अर्धं तुम्हाला, अर्धं पुढच्याला. मागच्या बाकावर पेपर वाचत बसलेल्या अनोळखी माणसाशी तुमचं अर्ध्या ब्लेडचं नातं जुळतं, आणि दोघांपैकी कुणालाच त्याची कल्पना नसते. तरीही प्रत्येक जण खुर्चीत बसता बसता "नवीन टाक रं" हे म्हणतोच. कारागीर मग फाटलेला कागद कोर्टातल्या पुराव्यासारखा आरशासमोर धरून दाखवतो.

हे नवीन टाकण्याचं वेड उगाच आलेलं नाही. १९८६ साली मद्रासेत एड्सच्या विषाणूची लागण झालेले देशातले पहिले लोक आढळले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत 'प्रत्येकाला नवे ब्लेड' अशा पाट्या एसटी स्टँडच्या भिंतीपासून सलूनच्या आरशापर्यंत चढल्या. त्या पाट्यांनी माणसं वाचवली हे मान्यच. पण त्याच पाट्यांनी वस्तरा मारला. त्याआधी ऐंशीएक वर्षं जिलेटसाहेबांना जे पूर्ण जमलं नव्हतं ते भिंतीवरच्या तीन शब्दांनी केलं. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, जिलेट कंपनीचे खपले होते ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. आमच्याकडच्या एखाद्या जनरल स्टोअर्सवाल्यानं तेवढ्यावर शटर ओढलं असतं. पुढच्याच वर्षी खप नव्वद हजारांवर गेला. बोथट झालं की फेका, ही कल्पना माणसाला इतकी आवडली की पुढे ठाण्याच्या कारखान्यातून सुपरमॅक्स निघालं, टोपाझ आलं, आणि धार लावणं हे काम दाढीतून कायमचं वजा झालं. मायनसमध्येच गेलं म्हणा.

धार लावणं म्हणजे काय, हे मी ज्यांच्याकडून पाहिलं ते आमच्या गावचे जुने कारागीर. गावात सगळे त्यांना म्हातारबा म्हणतात, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. त्यांच्या वडिलांचं दुकान म्हणजे बुडीत गावातल्या पिंपळाचा पार. दुकानाचा सगळा माल धोकटीत. वस्तरा, कात्री, नराणी, फणी, पितळी वाटी, पारा उडालेला आरसा, तुरटीचा खडा, पथरी आणि चामोटं. पैसे नाहीत, सुगीला खळ्यावर बलुतं. धरण आलं नि गाव उठलं. एका वांगीच्या वांगी नंबर १, २, ३ आणि ४ झाल्या, केत्तूरच्या दोन झाल्या. गावाला नंबर पडले, पण गिऱ्हाइकाची दाढी कुठल्या नंबरात गेली हे पुनर्वसनाच्या कागदांत लिहिलेलं नव्हतं. म्हातारबांचे वडील सायकलवर धोकटी लावून वर्षभर आपली गिऱ्हाइकं शोधत हिंडले असं सांगतात. काही सापडली. काहींनी तोपर्यंत दाढी राखली होती.

तर धार. पथरी म्हणजे गुळगुळीत दगड. तिच्यावर पाणी शिंपडायचं आणि वस्तरा आडवा झोपवायचा, पाठ आणि कडा दोन्ही दगडाला टेकवून. इथे वस्तरा घडवणाऱ्याची हुशारी दिसते. पाठीची जाडी अशी बेतलेली असते की दोन्ही टेकले की कोन आपोआप बरोबर पडतो, माणसानं डोकं चालवायची गरज नाही. डोकं चालवलं की बिघडतं. मग कडा पुढे ठेवून, जणू दगडाचा पापुद्राच काढायचा आहे अशा बेतानं ओढायचं, शेवटाला पाठीवरून पलटायचं आणि परत यायचं. जोर द्यायचा नाही. पथरी रोज लागत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी धार मरगळली की काढायची.

चामोटं मात्र रोज, प्रत्येक दाढीआधी. आणि इथे सगळं उलट. पथरीवर कडा पुढे, चामड्यावर पाठ पुढे. चामड्यावर कडा पुढे धरली की वस्तरा पट्ट्यातच शिरतो आणि पट्ट्याची दाढी होते. चामडं काही पोलाद खात नाही, ते वाकडी झालेली कडा सरळ करतं. म्हातारबा तर शेवटचे चार हात स्वतःच्या तळहातावर पलटतात. सटक, सटक, सटक. त्या वेळी त्यांचं लक्ष वस्तऱ्याकडे नसतं, रस्त्यावरून कोण चाललंय इकडे असतं. नवखा माणूस हे बघूनच खुर्चीतून उठतो.

काम झाल्यावर वस्तरा पुसायचा, कोरडा करायचा, खोबरेलाचं बोट फिरवून मिटायचा. हे पोलाद स्टीलच्या ताटासारखं बिनगंजी नसतं. पाण्याचा एक थेंब कडेवर रात्रभर राहिला तरी सकाळी तांबूस ठिपका दिसतो. धरणाच्या काठावर राहून पाण्याचा इतका तिरस्कार करणारी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही.

यंदा दिवाळीला माझा पुतण्या पुण्याहून आला. हिंजवडीला नोकरी. त्यानं बॅगेतून मखमली डबी काढली आणि डबीतून वस्तरा. जर्मनीतल्या झोलिंगेनचा. सोबत जपानी पथरी, बिजूच्या केसांचा ब्रश, चंदनाचा साबण, गुळगुळीत चामड्याचा पट्टा. किंमत त्यानं वडिलांना सांगितली नाही, आईला सांगितली, आईनं वडिलांना सांगितली, आणि फराळाच्या ताटावर थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

"पण काका, हे एकदाच घ्यायचं. आयुष्यभर पुरतं. प्लॅस्टिकचा कचरा नाही." मुद्दा बिनतोड होता. माझ्या थोरल्या भावानं वस्तरा हातात घेऊन उन्हात धरला, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "धार बेताचीच हाय. कानस आणू का?" त्याचा सगळा अनुभव कोयत्याचा. ऊसतोडीच्या टोळ्या येतात तेव्हा फडाच्या बांधावर कानशीनं कोयते घासताना त्यानं पाहिलेत. खुरपं बोथटलं की लोहाराकडून शेवटून आणायचं, कोयता असेल तर कानस मारायची, यापलीकडे धारेचं तिसरं शास्त्र त्याच्या लेखी नव्हतं. पुतण्यानं डबी छातीशी धरली.

पहिली अडचण साबणाची. आमच्या नळाला बोअरचं पाणी. त्यातले क्षार साबणाला असे धरतात की फेसाऐवजी दह्यासारखे कण येतात. पुण्यात ज्या साबणाचे ढग होतात त्याचा इथे चोथा झाला. दाढीचे केस दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात चांगले भिजले की फुगतात, मऊ होतात आणि कमी जोरात कापले जातात, ही अर्धी दाढी झाली. तीच झाली नाही. शंभर टक्के भरलेलं धरण दारात, आणि पोराच्या गालाला फेस नाही. बिनपाण्याची हजामत कशी करतात हे माझी पिढी पुढाऱ्यांकडून शिकली, त्यानं स्वतःवर प्रयोग केला.

वहिनी दारातून म्हणाली, "आरं, आधी ओवाळून घे, मग काय चिरायचं ते चीर."

पण त्यानं व्हिडिओ पाहिलेले होते. पट्टा खुंटीला अडकवला, वस्तरा लावला, आणि परत येताना कडा पुढे. पट्ट्याला हातभर लांब चीर. मग गालावर, मग हनुवटीच्या वळणावर. पुढचं सांगत नाही. तुरटी सापडेपर्यंत घरात हळदीचा डबा फिरत होता. शेवटी अर्ध्या दाढीनिशी, गालाला टॉवेल लावून, आम्ही त्याला म्हातारबांकडे नेलं.

म्हातारबांनी आधी पुतण्याकडे पाहिलंच नाही. वस्तरा घेतला. उघडून कानाशी नेला, नखानं पात्याला टिचकी मारली आणि बारीक किणकिण ऐकली. मनगटावरच्या केसांवर अलगद फिरवला. केस उडाले नाहीत, वाकले.

"माल चांगलाय," ते म्हणाले. "मालक नवा दिसतूय."

त्यांनी स्वतःची पथरी काढली. जपानी दगड शेजारीच होता, त्याच्याकडे पाहून त्यांनी "असू द्या, तो पावना हाय" एवढंच म्हटलं. पंधराएक मिनिटं कुणी बोललं नाही. मग चामोटं, मग तळहात. मग पुतण्याची मान त्यांनी दोन बोटांनी वळवली आणि गालाची कातडी वर ताणली. इथेच सगळं कसब असतं, कारण वस्तरा सगळ्यांचा कापतो, कातडी ताणता सगळ्यांना येत नाही. पातं साधारण तीस अंशांवर ठेवायचं, त्याहून आडवं पडलं तर केस ओढतं, उभं झालं तर रक्त काढतं. वरून खाली एक हात झाला. "उलटी मारू का?" हा नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. पोराचा चेहरा पाहून दया आली असावी.

मी पुतण्याचं मन रमवायला मुद्दाम विषय काढला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं की माणसाचा केस ब्लेडच्या पोलादापेक्षा पन्नासपट मऊ असूनही ब्लेडच्या कडेचे टवके उडवतो. केस वाकडा होऊन कडेच्या कमजोर जागी तिरका बसला की तिथला सूक्ष्म तुकडा निघतो. सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून पाहिली त्यांनी. म्हातारबा वस्तरा पुसत म्हणाले, "एवढं बघायचा पगार मिळतू का त्यास्नी?" मिळतो म्हटलं. "मग बरं हाय," म्हणाले, आणि पुन्हा हनुवटीकडे वळले.

झोलिंगेन काय किंवा इंग्लंडातलं शेफील्ड काय, दोन्ही वस्तऱ्याची पंढरी. आणि दोन्ही नदीमुळे झाली. शेफील्डच्या ओढ्या-नद्यांवर आणि झोलिंगेनच्या वुपर नदीवर लहान बंधारे घालून पाणचक्क्या फिरवायचे आणि त्यांवर पाती घासायचे. त्यांनी पाणी अडवलं तर वस्तरा निघाला, आपण अडवलं तर ऊस. तिकडे एके काळी श्रीमंतांसाठी सात वस्तऱ्यांची पेटी मिळायची. प्रत्येकाच्या पाठीवर वाराचं नाव कोरलेलं, म्हणजे रोज एकाला काम नि सहांना विश्रांती. आपल्याकडे सहाच्या पेटीत भागलं असतं. सोमवारी दुकान बंद.

खुर्चीचा आणखी एक गुण सांगतो. आमच्या तालुक्यात गप्प बसलेला पुढारी बघायचा असेल तर त्याला एकच जागा आहे. गळ्याखालून वर वस्तरा येत असताना माणूस आवंढासुद्धा परवानगी घेऊन गिळतो. म्हातारबा नेमका तोच क्षण साधून विचारतात, "मंग, आवर्तन कवा सुटणार म्हंता?" समोरचा नुसता डोळे फिरवतो. डोळे उजवीकडे गेले की पुढचा आठवडा, डावीकडे गेले की कालव्याचं काही खरं नाही, असा अर्थ बाकावरची मंडळी लावतात आणि तो गावभर जातो. दोन्ही पॅनेलचे उमेदवार एकाच दिवशी शेजारशेजारच्या खुर्च्यांत फेसाळलेले बसलेले मी पाहिलेत. फेसात कोण कुठला ते ओळखू येत नाही, हाही एक फायदाच.

वस्तऱ्याचं एक काम मात्र अजून सलूनच्या बाहेर होतं. दहाव्याला. दहावा पाण्याकाठी, आणि पाण्याचा काठ आमच्याकडे कायम फिरतीवर असतो. धरण भरलेलं असताना माणूस गेला तर घाटाच्या पायऱ्यांवर सगळं आटोपतं. मायनसमध्ये गेला तर भटजी, भाऊबंद, पिंड आणि धोकटी अशी वरात भेगाळलेल्या गाळातून, गाळपेरीच्या वावरांना वळसा घालून, मोटारींच्या केबली ओलांडत पाण्याच्या मागे जाते. चार माणसं वाटेत बसतात. पोचेपर्यंत निम्म्यांना सुतकापेक्षा उन्हाचं दुःख जास्त झालेलं असतं. कावळा तेवढा वेळेवर हजर असतो. वयस्कर मंडळींना म्हणूनच श्रावणानंतरचा काळ पसंत पडतो, असं इथे चेष्टेत म्हणतात.

चेष्टा बाजूला ठेवून एक गोष्ट सांगायलाच हवी. याच वस्तऱ्यानं एके काळी विधवांचं केशवपन होत असे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं कारागिरांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. शिकलेली मंडळी तेव्हा पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून वाद घालत होती. ज्यांच्या हातात धार होती त्यांनी ती मिटून ठेवली. सेना महाराजांच्या पुण्यतिथीला, श्रावण वद्य द्वादशीला, आमच्याकडे नाभिक समाजाचं कीर्तन होतं. सेना महाराज भजनात रमले म्हणून विठ्ठल त्यांचं रूप घेऊन राजाची हजामत करायला गेला, ही कथा दरवर्षी रंगते. म्हातारबांना त्यात एकच शंका आहे. देवानं वस्तरा चामोट्यावर पलटला का हातावर, हे कुठलाच कीर्तनकार सांगत नाही.

पुतण्याचं म्हणाल तर त्याची दाढी अशी झाली की त्यानं दिवसभर गालावरून हात फिरवला. म्हातारबांनी पैसे घेतले नाहीत, दिवाळीचा फराळ घेतला. जाताना त्यानं विचारलं, "हे शिकायला किती दिवस लागतात?" म्हातारबांनी त्याला फुगा आणायला सांगितला. फुगवायचा, फेस लावायचा आणि फेस तेवढा काढायचा, फुगा राहिला पाहिजे. आम्ही पुण्याला जाणाऱ्या गाडीत त्याला बसवलं तेव्हा त्याच्या बॅगेत चिवडा, चकल्या आणि फुग्यांचं एक पाकीट होतं.

आता तुम्ही विचाराल, वस्तऱ्याची दाढी अर्ध्या ब्लेडच्या दाढीपेक्षा सरस होते का? होते. माहितगार हातात असेल तर नक्की होते, आणि वस्तरा स्वतःचा, एकट्याचा असेल तर रोगाचीही भीती नाही. पण ती सुखाची पाच मिनिटं मिळवायला पथरी, चामोटं, तेल, फडकं आणि रोजची चाकरी लागते, आणि ही चाकरी कुणीतरी मनापासून करावी लागते. पूर्वी ती गावासाठी एक घर करायचं आणि गाव त्याला सुगीला चार पायल्या देऊन मोकळं व्हायचं. त्यात कोण स्वस्तात सुटलं हे सांगायला नको. ज्यांना अजून हौस असेल त्यांनी वस्तरा जरूर घ्यावा. फक्त चामड्यावर पाठ पुढे ठेवा, मिटताना तेल लावा, आणि कानस घेऊन येणाऱ्या भावाला दारातूनच चहा पाजून परत पाठवा.